चालीरीती

मराठीत ज्या क्रियापदाला सर्वांत अधिक राबावे लागते, ते बहुधा 'जाणे' हेच असावे. मूल शाळेत जाते, दूध उतू जाते, वीज जाते, तोल जातो, वेळ जातो, नोकरी जाते आणि सरतेशेवटी माणूसही जातो. इतक्या घरची धुणीभांडी करणाऱ्या या बिचाऱ्या क्रियापदाला स्वतःचे असे रंगरूप उरलेले नाही. 'तो गेला' असे कोणी सांगितले, तर तो आता येथे नाही एवढेच कळते; तो तरातरा गेला की रमतगमत गेला, पाय ओढीत गेला की चोरपावलांनी गेला, याचा काही पत्ता लागत नाही.

इंग्रजीतील 'गो' हा याचा सख्खा भाऊ शोभावा. दोघांच्या घराण्यांतील एक साम्य तर मोठे गमतीचे आहे. 'गो'चे 'वेंट' हे भूतकाळी रूप त्याचे स्वतःचे नव्हेच. ते 'वेंड' नावाच्या निराळ्या क्रियापदाचे. 'वेंड' म्हणजे वळणे, वळणावळणाने वाट काढणे. 'गो'चे मूळचे भूतकाळी रूप कधीकाळी मागे पडले आणि त्याने 'वेंड'चे रूप उसने घेतले, ते आजतागायत परत केलेले नाही. आमच्याकडेही हेच घडले. 'जा' हा धातू संस्कृत 'या'पासून आला आणि 'गेला' हे रूप 'गम्' धातूच्या 'गत'पासून. म्हणजे जाताना एका घरचा आणि गेल्यावर दुसऱ्या घरचा!

ही व्याकरणातील गंमत आम्हांला आठवते ती विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासताना. विषय जत्रेचा असो, सहलीचा असो वा मामाच्या गावचा; वाक्ये ठरलेली. 'वुई वेंट टू द फेअर. वुई वेंट टू द जायंट व्हील. देन वुई वेंट होम.' व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष. लाल शाईला जागा नाही. परंतु जत्रेतली धूळ, गर्दीत हरवलेली चप्पल, घट्ट धरलेला आईचा पदर, परतताना भरून आलेले पाय, यांपैकी काहीही त्या वाक्यांत उतरत नाही. माणसे एका ठिकाणी अदृश्य होतात आणि दुसऱ्या ठिकाणी प्रकट होतात. मधले चालणे जणू कोणी केलेच नाही!

यावरचा नेहमीचा शालेय उपाय म्हणजे शब्दांची यादी. 'वेंट' लिहू नका, जिवंत क्रियापद वापरा, असे सांगून फळ्यावर लिहून द्यायचे: स्ट्रोल, ट्रज, प्लॉड, लिंप, स्टॅगर, टॉडल, शफल, स्करी, डॅश, गॅलप. मुले यादी पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी वहीत वाक्य येते, 'माय ग्रँडफादर गॅलप्ड टू द टेंपल.' पंचाहत्तरीचे आजोबा चौखूर उधळत देवदर्शनाला निघाले आहेत, हे दृश्य कितीही मनोहर असले तरी ते खरे नव्हे. यादीने शब्द मिळाला. तो शब्द कोणाच्या पायांत घालायचा, हे मात्र यादी सांगत नाही.

वस्तुतः येथे दोष मुलांच्या पाठांतराचा नसून दोन भाषांच्या स्वभावाचा आहे. इंग्रजीतले एक साधे वाक्य घ्या: 'ही लिंप्ड अक्रॉस द रोड.' यातील क्रियापद तो कसा चालला हे सांगते आणि 'अक्रॉस' हे छोटेसे अव्यय तो कुठून कुठे गेला हे सांगते. आता हेच मराठीत म्हणा: 'त्याने लंगडत लंगडत रस्ता ओलांडला.' येथे सारा कारभार उलटा झाला. कुठून कुठे गेला हे क्रियापदाने सांगितले आणि कसा गेला हे सांगण्याचे काम 'लंगडत लंगडत' या जोडीकडे आले. चढणे, उतरणे, शिरणे, निघणे, ओलांडणे, पोहोचणे ही आमची मातब्बर क्रियापदे वाटेची आहेत, चालीची नव्हेत. चाल आम्ही क्रियापदाच्या आधी, नादमय जोडशब्दांनी सांगतो.

लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ लेखात जगातील भाषांचा याच दृष्टीने विचार केला: गतीची वाट क्रियापदात बसते की चाल? पुढे डॅन स्लोबिन आणि रूथ बर्मन यांनी 1994 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती आम्हां शिक्षकांना विशेष भावावी अशी आहे. मर्सर मेयर यांचे 1969 सालचे 'फ्रॉग, व्हेअर आर यू?' हे चित्रपुस्तक. त्यात शब्द नाहीत, केवळ चित्रे. बरणीतून पळालेल्या बेडकाचा शोध घेत एक मुलगा आणि त्याचा कुत्रा रानोमाळ हिंडतात. हे एकच पुस्तक इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या लहानमोठ्यांपुढे ठेवून त्यांच्याकडून गोष्ट सांगून घेतली गेली. झाडाच्या ढोलीतून घुबड बाहेर येते, त्या चित्रापाशी भाषांचे स्वभाव उघडे पडतात. स्पॅनिश बोलणारा बहुधा 'घुबड बाहेर आले' एवढ्यावर थांबतो. इंग्रजी बोलणारा 'फ्ल्यू आउट' म्हणतो, 'पॉप्ड आउट' म्हणतो. त्याच्या क्रियापदात पंखही येतात आणि दचकणेही येते. मराठी माणूस या बाबतीत स्पॅनिश माणसाच्या पंक्तीला बसणारा आहे. तो 'बाहेर आले' म्हणेल. मात्र रंगात आला तर आधी 'फडफडत' किंवा 'भुर्रकन' जोडील. हा जोड म्हणजे आमच्या भाषेचा खरा दागिना.

हे एकदा ध्यानी आले की इंग्रजीची ती यादी निराळी दिसू लागते. त्यातील बहुतेक शब्दांत एखादा प्राणी वा एखादे वय लपलेले असते. 'वॉडल' म्हटले की बदक आले, 'स्ट्रट' म्हटले की मान ताठ केलेला कोंबडा, 'स्करी' म्हटले की भिंतीकडेने तुरुतुरु पळणारा उंदीर, 'स्लिंक' म्हटले की दुधाच्या पातेल्यापासून अंग चोरून निघालेले मांजर. 'टॉडल' हे दुडूदुडू चालणाऱ्या बाळाचे. त्यावरूनच अशा बाळाला 'टॉडलर' हे नाव मिळाले. 'ट्रज' म्हणजे चिखलातून वा दमलेल्या पायांनी जड जड चालणे. घोड्याच्या 'कँटर' या निवांत चालीचे नाव तर कँटरबरी या तीर्थक्षेत्रावरून पडले. 1170 साली तेथील धर्मगुरू टॉमस बेकेट यांची हत्या झाली, त्यांच्या समाधीच्या दर्शनास निघालेले यात्रेकरू ज्या बेताच्या चालीने घोडी हाकीत, ती ही चाल. हत्तीच्या चालीला मात्र इंग्रजी 'लंबर' म्हणते आणि त्यात अवजडपणा पाहते. आमच्या कवींना तीच चाल स्त्रीसौंदर्याची परिसीमा वाटली! प्राणी तोच, पाय तेच. पाहणारे डोळे निराळे.

इंग्रजीची आणखी एक खुबी अशी की, तिला क्रियापद कमी पडले तर ती सरळ नामालाच चालायला लावते. इंदूरच्या अनंत चतुर्दशीला रात्रभर निघणाऱ्या झांक्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना 'द प्रोसेशन इंच्ड फॉरवर्ड' हे वाक्य समजावून सांगण्याची गरज नाही. 'इंच' हे माप तेथे क्रियापद झाले. त्या गर्दीतून पुढे घुसणारा 'एल्बो' करीत, म्हणजे कोपराने वाट काढीत जातो. आणि पाताळपाणीकडून घाट उतरणारी वाट 'स्नेक' करते, म्हणजे नागमोडी जाते. रोजच्या बोलण्यातही हेच. कोणी इंग्रज 'पॉप इन' म्हणाला, तर तो आमच्या 'जाता जाता डोकावून जा' या आर्जवाचाच भाऊबंद. आणि त्यांचे 'ड्रॉप इन' ऐकले की न बोलावता 'टपकणारा' आमचा पाहुणा आठवतो. भाषा निराळ्या, पाहुणे सारखेच!

तथापि इंग्रजीचे हे वैभव वर्णिताना मराठीने मान खाली घालावी असे मुळीच नाही. बाळ रांगते, मग दुडूदुडू धावते. सून लगबगीने आत जाते. मुलगा झपझप पावले टाकतो. रुसलेली बहीण तरातरा निघून जाते. दमलेला हमाल पाय ओढीत येतो. अनोळखी माणूस दाराशी घुटमळतो. शाळा बुडवणारा पोरगा कोपऱ्यावर रेंगाळतो. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाप येरझारा घालतो. आणि सरकारी कचेरीत आम्ही ज्या 'चकरा' मारतो, 'खेटे' घालतो, ज्या 'वाऱ्या' करतो आणि जे 'हेलपाटे' आम्हांला पडतात, त्या चार शब्दांतील सूक्ष्म भेद एका इंग्रजी क्रियापदात कोणी मावून दाखवावा! 'शतपावली'चेही तसेच. जेवणानंतर मोजूनमापून घातलेल्या त्या शंभर पावलांना इंग्रजीत क्रियापद नाही.

प्रश्न आहे तो हा की, ही संपत्ती आमच्या घरांत कोणाच्या हाती उरली आहे? अठराव्या शतकात मराठी फौजांच्या मागोमाग आमचे पूर्वज माळव्यात आले. कूच, मजल, दौड, तळ, मुक्काम ही त्यांची रोजची भाषा. गतीच्या शब्दांवरच त्यांचे आयुष्य चालले. मुक्काम कायमचा झाला आणि शेजारधर्माने हिंदी घरात आली, यात विषाद मानण्याजोगे काही नाही. हिंदी ही समृद्ध भाषा आहे आणि तिने आम्हांला पोटापाण्याला लावले आहे. परंतु दोन भाषांच्या सीमेवर चालीची क्रियापदेच सर्वांत आधी घसरतात, हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव. मूल म्हणते, 'आम्ही काल बागेत घुमायला गेलो.' मराठीत पारवे घुमतात, नाहीतर अंगात आलेली बाई घुमते. मूल म्हणते, 'चोर भागला.' मराठीत तहान भागते, खर्च भागतो, आणि थकूनभागून माणूस घरी येतो, चोर पळतो. हिंदीतले 'टहलना' उचलून कोणी 'आजोबा टेहळत आहेत' म्हणाले, तर आजोबांना हेरखात्यात नोकरी लागल्यासारखे वाटते. 'लौटना'चे 'लोटणे' झाले, तर परतणारा बाप कोणाला तरी ढकलीत बसतो.

या चुकांवर हसावे आणि त्या दुरुस्त कराव्यात, एवढेच असते तर आम्ही ही लेखणी उचलली नसती. चूक करणाऱ्या मुलापाशी निदान काही सांगायचे तरी असते. आम्हांला काळजी वाटते ती न चुकणाऱ्या मुलाची. ते मराठीत 'गेला' म्हणते, हिंदीत 'गया' म्हणते, इंग्रजीत 'वेंट' लिहिते. तीनही भाषांत ते अचूक असते आणि तीनही भाषांत त्याने काही पाहिलेले नसते. ज्याच्या कानावर 'तुरुतुरु' पडलेच नाही, त्याला 'स्करी' कशाच्या आधारावर शिकवावे? नवा शब्द हा जुन्या शब्दाच्या खुंटीला अडकवायचा असतो. येथे खुंटीच नाही.

आमच्या शाळेतील एका मराठी घरच्या मुलीची हकीकत येथे सांगावीशी वाटते. सातवीच्या वर्गाला 'माझी आजी' हा विषय इंग्रजीत लिहावयास दिला होता. तिने लिहिले होते, 'माय ग्रँडमदर गोज टू द टेंपल. शी गोज स्लोली.' तिला आम्ही विचारले, 'सावकाश म्हणजे कशी गं चालते तुझी आजी?' मुलगी गोंधळली. मराठीत सुचेना, हिंदीत सुचेना. मग ती जागेवरून उठली आणि तिने करून दाखवले. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात नसलेला फुलांचा डबा. उजवा पाय थोडा पुढे, डावा त्याच्या मागोमाग ओढल्यासारखा, आणि नजर सतत खाली जमिनीवर. वर्ग आधी हसला आणि मग एकदम गप्प झाला. तिने सारे पाहिले होते. तिच्या डोळ्यांपाशी चाल होती. जिभेपाशी शब्द नव्हता.

आम्ही फळ्यावर पाच-सहा शब्द लिहिले, मराठी आणि इंग्रजी शेजारीशेजारी, आणि प्रत्येक चाल वर्गात कोणाकोणाकडून करवून घेतली. मुलीने त्यांतून 'खुरडत' हा शब्द निवडला आणि इंग्रजीत 'शफल' घातले. शब्द चपखल होते. दुसऱ्या दिवशी ती आली ती आजीचा निरोप घेऊनच. निबंध घरी वाचून दाखवला गेला होता आणि आजींना तो मान्य नव्हता. निरोप असा होता: 'सरांना सांग, मी काही खुरडत नाही. गल्लीतल्या फरशा उखडल्यात, म्हणून मी पाऊल जपून टाकते.'

आमच्या मते त्या वर्षीचा इंग्रजीचा सर्वोत्तम पाठ त्या आजींनी दिला. 'शफल' आणि 'खुरडणे' हे शब्द चालणाऱ्याविषयी केवळ माहिती सांगत नाहीत. ते निकाल देतात. पाय उचलण्याचे त्राण उरलेले नाही, असा तो निकाल. आजींना तो नाकारायचा होता, आणि त्यांची चाल त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? इंग्रजीत त्यांच्या म्हणण्याला एक सुरेख शब्दप्रयोग आहे: 'शी पिक्स हर वे टू द टेंपल.' तांदळातले खडे निवडावेत तशी पायाखालची जागा निवडत, पारखत चालणे. मुलीने 'शफल' खोडले आणि हे वाक्य लिहिले. पहिल्या वाक्यात म्हातारपण होते; दुसऱ्यात उखडलेली गल्ली आली, सावधपणा आला आणि आजींचा स्वाभिमानही आला. पाय मात्र तेच आणि देऊळही तेच.

तेव्हापासून आम्ही वर्गात यादी देण्याआधी एक प्रश्न देतो: तू कोणाला पाहिलेस? शब्द त्यानंतर. आणि सोबत पथ्यही सांगतो. प्रत्येक वाक्यात चालीचे क्रियापद ठासून भरू नये. बापाला कचेरीत रोज 'स्ट्राइड' करीत आणि आईला बाजारात रोज 'स्कॅम्पर' करीत पाठवले, तर निबंध सर्कशीसारखा होतो. चाल महत्त्वाची नसेल तेथे 'वेंट' हाच योग्य शब्द; राबणाऱ्या क्रियापदाचा अपमान करू नये. परंतु ज्या वाक्यात माणूस दिसायला हवा, तेथे 'वेंट' लिहून निसटू नये.

संस्कृत वैयाकरणांचा एक जुना संकेत असा की, जे धातू गतीचा अर्थ सांगतात ते ज्ञानाचाही अर्थ सांगतात. म्हणून तर 'गम्' धातूपासून 'अवगत' हा शब्द झाला. जे अवगत झाले ते कळले. आम्हांला हा संकेत चालणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याला अधिक लागू वाटतो. दुसऱ्याची गती ज्याने नीट पाहिली, त्याला तो माणूस थोडातरी अवगत झाला. घरातील मूल आजोबांच्या चालीला शब्द शोधू लागले, की आजोबांच्या गुडघ्यांकडे त्याचे लक्ष गेलेच म्हणून समजावे. आणि कामावरून आलेल्या आईची चपलांची चाल ओळखू लागले, की पाण्याचा पेला आपोआप पुढे येतो.

म्हणून आमची आपल्या वाचक-कुटुंबांना एक विनंती आहे. त्यासाठी शिकवणी नको, पुस्तक नको, खर्चही नको. रात्री जेवणे झाल्यावर घरातील ज्येष्ठांनी शतपावलीला निघताना नातवंडाचे बोट धरावे. समोरून जो येईल त्याच्याकडे पाहून हळूच विचारावे, 'हा कसा चालतोय सांग पाहू?' उत्तर प्रथम मराठीत घ्यावे, शब्द अडला तर आपण पुरवावा. मग हिंदीत काय म्हणतात ते मुलाकडून शिकावे. आणि इंग्रजी सर्वांत शेवटी. मूल कदाचित म्हणेल, 'आजोबा, आधी तुम्ही कसे चालता ते सांगू का?' सांगू द्यावे. आणि शब्द पटला नाही, तर त्या आजींप्रमाणे ठणकावून दुरुस्त करून घ्यावा.